सहा हजार मीटरवर कुणाच्या डोक्याने चालायचं?

लेहला विमानातून उतरलेल्या नवशिक्या गिर्यारोहकाला पहिला हुकूम मिळतो तो असा: दोन दिवस काही करायचं नाही. बाजारात हिंडायचं नाही, जिना धावत चढायचा नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्यांचं तर नावच काढायचं नाही. पाणी प्या, लोळा, पुन्हा पाणी प्या. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला हा चक्क अपमान वाटतो. मलाही वाटला होता. वर्षभर पाठीवर पंधरा किलो घेऊन जिने चढायचे आणि इथे येऊन गादीवर पडून छत बघायचं!

आम्ही निघालो होतो कांग यात्से-दोन या शिखरावर. लडाखमधल्या मार्खा खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेलं हे शिखर 6250 मीटर उंच आहे. लेहजवळचं स्टोक कांगरी हे शिखर 2020मध्ये चढाईसाठी बंद झालं, त्यामुळे सहा हजार मीटरची पहिली चव घ्यायला येणारे बरेच जण इकडे वळले. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे लेहच्या गादीवर लोळत असतानाच आम्ही दोन कळसूबाईंच्या वर होतो, आणि तेही काही तासांत, एक पाऊल न चालता. गोची तिथेच आहे.

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे वाक्य अर्धंच खरं. हवेतला ऑक्सिजनचा वाटा जुहूच्या चौपाटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखाच असतो, साधारण 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. पुण्याहून नेलेलं चिवड्याचं पाकीट लेहला बॅगेतून निघालं ते टम्म फुगून. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा असतो, लेहला त्याचा सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि कांग यात्सेच्या माथ्यावर साधारण 350. त्यात आणखी एक छुपी कपात आहे. फुप्फुसाकडे जाताना हवा ओली होते आणि शरीराच्या तापमानाला त्या वाफेचा दाब 47 मिलिमीटर असतो, मग तुम्ही कुठेही असा. 760मधून 47 गेले तर फारसं जाणवत नाही, 350मधून गेले तर जाणवतं. पगार निम्मा झाला तरी घरभाडं तेवढंच राहावं, तसं. उरलेल्या दाबात ऑक्सिजनच्या वाट्याला समुद्रसपाटीला 149 मिलिमीटर येतात, शिखरावर जेमतेम 63.

हा तुटवडा सर्वात आधी कळतो तो मानेत. कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव आहे. रक्तातला ऑक्सिजन घटला की तो मेंदूच्या देठाला संदेश धाडतो आणि श्वास वाढतो. इथवर सगळं सरळ आहे. पण श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदूतली दुसरी यंत्रणा ओरडते, ‘पुरे, श्वास कमी कर!’ कारण आपली श्वासाची रोजची ओढ मुळात कार्बन डायऑक्साइडवर चालते. एकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, दुसऱ्याचा ब्रेकवर.

ही ओढाताण रात्री तंबूत ऐकू येते. माझ्या शेजारी झोपलेल्या गड्याचा श्वास हळूहळू मोठा होत जायचा, मग बारीक होत थांबायचा. पूर्ण थांबायचा. मी मनात दहापर्यंत मोजायचो, हात त्याच्या खांद्याकडे न्यायचो, तेवढ्यात तो मोठा हुंकार देऊन पुन्हा सुरू व्हायचा. सकाळी तो म्हणाला की रात्रभर तूच असा करत होतास. उंचावर झोपेत हे बहुतेकांना होतं आणि एरवी काही त्रास नसेल तर घाबरण्याचं कारण नसतं.

ब्रेक सैल करण्याचं काम मूत्रपिंडं करतात. ती रक्तातला अल्कधर्मी बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात, रक्त पुन्हा ठिकाणावर येतं आणि श्वासाला मोकळीक मिळते. याला काही दिवस लागतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस लघवीला सारखं जावं लागलं तर ते चांगलं लक्षण समजायचं, मग मध्यरात्री उणे पाच अंशांत तंबूची चेन उघडताना काय वाटायचं ते वाटो. डायमॉक्स ही गोळी हेच काम लवकर करवून घेते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, शेजारच्या तंबूतून उसनी नव्हे.

‘तिथे गेल्यावर रक्त वाढतं’ असं घरून निघताना मला तिघांनी तरी सांगितलं होतं. खरं आहे, पण आमच्या उपयोगाचं नाही. लाल पेशी वाढवा असा निरोप देणारं संप्रेरक काही तासांतच वाढतं, प्रत्यक्ष पेशी भरपूर तयार व्हायला काही आठवडे लागतात. दहा-बारा दिवसांच्या मोहिमेत तेवढा वेळ कुठला? या मुदतीत जे काही जमतं ते श्वास आणि मूत्रपिंडांच्या जोरावर. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. दिवसा वर जाऊन यायचं, झोपायला खाली.

तुमच्या फिटनेसचा या वेळापत्रकाशी संबंध नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीची बाधा इतरांइतकीच होऊ शकते. उलट असा माणूस पुढे पळतो, डोकेदुखी अंगावर काढतो आणि जास्त गोत्यात येतो. सह्याद्रीत आपल्याला घाईचीच सवय लागलेली असते: ऊन तापायच्या आत माथा, शेवटच्या एसटीच्या आत पायथा. इथे आमचा नेपाळी गाईड दिवसभर एकच शब्द म्हणायचा, ‘बिस्तारै, बिस्तारै.’ हळू, हळू. त्याने चालणंसुद्धा नव्याने शिकवलं. पुढचं पाऊल टाकायच्या आधी मागचा गुडघा क्षणभर ताठ करायचा, म्हणजे तेवढा वेळ भार हाडांवर जातो आणि मांडीच्या स्नायूंना उसंत मिळते. एक पाऊल, एक श्वास. बघणाऱ्याला हसू येईल इतकं संथ.

बेस कँपवर, सुमारे पाच हजार मीटरवर, एक दिवस शिकवणीचा होता. बुटांना क्रँपॉन, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे सांगाडे, बांधायचे, पाय जरा फाकवून टाकायचे (नाहीतर एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात, माझी विजार साक्षीला आहे), घसरलो तर आइस अ‍ॅक्स छातीशी धरून पालथं व्हायचं आणि टोक बर्फात दाबायचं. हे सगळं दोन तासांत जमतं. संध्याकाळी गाईड ऑक्सिमीटर घेऊन तंबूतंबूत फिरला. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेलं तेच चिमटं. तेव्हा 94च्या खाली आकडा गेला की घर हादरायचं. इथे माझा 81 आला आणि तो म्हणाला, ‘बढिया.’ बोटं गार असतील तर हे यंत्र चुकीचाही आकडा दाखवतं, म्हणून तो आधी हात चोळायला लावायचा. आकड्यापेक्षा त्याचं लक्ष आमच्या तोंडाकडे जास्त होतं. कोण जेवला नाही, कोण विनोदावर हसला नाही, कोण बसल्या जागी खोकतोय.

खोकल्याकडे लक्ष द्यायला सबळ कारण आहे. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी. मग काही केशवाहिन्यांवर भलताच दाब येऊन त्यांतून पाणी झिरपू लागतं. बसून असतानाही धाप लागते. 1962च्या युद्धात सपाटीवरच्या जवानांना थेट हिमालयात चढवलं गेलं तेव्हा आपल्या लष्करी डॉक्टरांनी उंचीचे असे आजार मोठ्या संख्येने पाहिले. 1969 साली त्यांनी 1900हून अधिक जवानांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली, आणि या विषयात त्या कामाचा आजही हवाला दिला जातो. पहिला उपाय तेव्हा होता तोच आज आहे: खाली उतरवा.

पण खाली जायला हवं हे ठरवणार कोण? 15 एप्रिल 1875 रोजी झेनिथ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, नळी हाताशी होती. एकालाही गुदमरल्यासारखं वाटलं नाही, कारण गुदमरण्याची भावना मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते आणि तो तर श्वासागणिक बाहेर जात होता. नळी तोंडाला लावावी असं वाटलं तोवर हात उचलेनासे झाले. दोघे मेले. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी नंतर लिहिलं की त्या अवस्थेत यातना नसतात, उलट आतून आनंद वाटतो. मला या सगळ्या विषयात यापेक्षा भीतीदायक काही सापडलेलं नाही.

शिखराच्या चढाईसाठी आम्ही रात्री अकराला निघालो. जिथे क्रँपॉन बांधायचे तिथे पोहोचायला तीन तास लागले. आमच्यातला सगळ्यात तगडा गडी खाली बसून पट्टे आवळत होता. डावा क्रँपॉन उजव्या पायात. गाईडने हेडलँप त्याच्या बुटांवर धरला आणि काहीच बोलला नाही. ‘झालं, चला,’ गडी म्हणाला. मग गाईडने त्याला ते काढायला लावले आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो झुलला, सहाव्याला हात टेकले. मेंदूला सूज येऊ लागली की तोल असा जातो. गडी वाद घालत होता, पैसे भरलेत म्हणत होता, आणि आम्ही बाकीचे, लाज वाटते सांगायला, त्याच्याच बाजूने बोलत होतो. दुसऱ्या गाईडने त्याला दोराला बांधलं आणि तिथूनच फिरवलं, बेस कँपवर न थांबता थेट खोऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोऱ्यातल्या हांकर गावात उतरलो तेव्हा तो एका घराच्या ओसरीवर थुक्पा पीत बसला होता. चेहरा टवटवीत. ‘मला काहीसुद्धा झालं नव्हतं,’ तो म्हणाला, ‘उगीच उतरवलं.’ क्रँपॉनचं त्याला काही आठवत नव्हतं.