पंप-ॲक्शन शॉटगन : टिकाऊपणा व गंजरोधक लेप

पंप-ॲक्शन शॉटगन ही एकनळी छऱ्याची बंदूक आहे. नळीखालची सरकती मूठ मागे ओढली की झडलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि मूठ पुढे सारली की मॅगझिन नळीतील नवे काडतूस कोठ्यात जाऊन बसते. भारतात ती मुख्यतः बारा बोअरमध्ये आढळते. या बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिमी असतो. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली पंप-ॲक्शन शॉटगन अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी १८८० च्या दशकात आणली. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरील विंचेस्टर १८९७, १९५० मध्ये आलेली रेमिंग्टन ८७० आणि १९६० च्या दशकाच्या आरंभीची मॉसबर्ग ५०० या पुढच्या काळातील महत्त्वाच्या बंदुका होत. प्रस्तुत नोंद अशी बंदूक दीर्घकाळ टिकावी म्हणून निवडताना काय पाहावे आणि तिच्या धातूवरील लेपाला किती महत्त्व द्यावे, याविषयी आहे. हवामानाचे संदर्भ नाशिक जिल्ह्याचे आहेत.

या बंदुकीचे चक्र हाताच्या जोराने चालते; बार उडताना निर्माण होणाऱ्या वायूवर किंवा धक्क्यावर ते अवलंबून नसते. त्यामुळे काडतूस कमी जोराचे निघाले किंवा आत थोडी काजळी साचली तरी पुढचे काडतूस चढते. हा यांत्रिक साधेपणा तिच्या टिकाऊपणाचा पाया आहे. सरकत्या मुठीला बोल्टशी, म्हणजे कोठा मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाशी, जोडणाऱ्या पट्ट्या दोन असल्यास ओढ दोन्ही बाजूंनी सारखी पडते आणि घाईत मूठ तिरपी ओढली गेली तरी यंत्रणा अडकण्याचा संभव कमी होतो. रिसीव्हर, म्हणजे ही यंत्रणा ज्यात बसते ती बंदुकीची मधली पेटी, पोलादी असावा की ॲल्युमिनियमचा, यावर पुष्कळ वाद होतो. रेमिंग्टन ८७० चा रिसीव्हर पोलादी आहे, मॉसबर्ग ५०० चा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. मात्र दोन्हींत बोल्ट नळीच्या मागे वाढवलेल्या पोलादी भागात अडकतो, म्हणजे बार उडतानाचा मुख्य ताण रिसीव्हरवर येतच नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरला कमकुवत ठरवणे योग्य नाही. तांबडा गंज त्यावर चढत नाही, हा तर त्याचा लाभच आहे.

शेतवस्तीवर, पेट्रोल पंपावर किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीत असलेली बंदूक वर्षभर हाताळली जाते, पण तिचे बार क्वचितच होतात. अशी बंदूक झिजून निकामी होत नाही, गंजून होते. म्हणून हजारो बार सोसण्याच्या क्षमतेपेक्षा ओलावा सोसण्याची क्षमता येथे अधिक मोलाची ठरते. नाशिकला समुद्र नाही, तरी गंजाची कारणे भरपूर आहेत. इगतपुरी व त्र्यंबकेश्वरच्या घाटपट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलसर राहते, तर येवला-नांदगावकडे तीच बंदूक कोरड्या धुळीत राहते. हिवाळ्यात निफाडची थंडी प्रसिद्ध आहे; रात्री बाहेर राहिलेली गार बंदूक उबदार खोलीत आणली की धातूवर दव धरते आणि ते न पुसता बंदूक खोळीत गेली तर ओल आतच कोंडते. मिठाचे काम हाताचा घाम करतो. पहारेकऱ्याचा हात जेथे रोज पडतो, त्या रिसीव्हरच्या कडेवर व नळीवर पहिले डाग दिसतात.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक धोका आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. द्राक्षांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद उघड्या पोलादाला लागला की लोखंड विरघळते व तांब्याचा थर चढतो. त्याच मिश्रणातील चुना अल्कधर्मी असल्याने तो ॲल्युमिनियमवरील ॲनोडाइझचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या संरक्षक ऑक्साइडचा, थरही खातो. फवारणीची औषधे ठेवलेल्या खोलीत बंदूक ठेवू नये, मग तिचा लेप कितीही चांगला असो.

लेपांपैकी ब्लूइंग सर्वांत जुने आणि दिसायला सर्वांत देखणे. पोलादाच्या पृष्ठभागाचेच त्यात काळ्या लोहऑक्साइडात रूपांतर होते, परंतु हा थर अतिशय पातळ असतो आणि नियमित तेलपाणी नसेल तर घाटातील एक पावसाळाही त्याला जड जातो. पार्करायझिंग म्हणजे मँगनीज किंवा जस्ताच्या फॉस्फेटचा खरखरीत, करडा थर. तो स्वतः फारसे रक्षण करीत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहते आणि खरे रक्षण ते तेल करते. लष्करी बंदुकांवर तो दीर्घकाळ वापरला गेला, कारण तेथे तेल देण्याची शिस्त असते.

विजेविना चढवलेला निकेल-फॉस्फरसचा लेप यापेक्षा बराच वरचढ आहे. रासायनिक द्रावणातून तो कानाकोपऱ्यांत, खाचांत आणि नळीच्या आतही सारख्या जाडीने बसतो. रेमिंग्टन ८७० च्या ‘मरीन मॅग्नम’ प्रकारावर निकेलचाच लेप असतो, तर मॉसबर्गच्या ‘मरिनर’ प्रकारावर ‘मरीनकोट’ नावाचा चंदेरी लेप असतो. निकेलचा दोषही जाणून घ्यावा. पोलादाच्या तुलनेत निकेल कमी क्रियाशील असल्यामुळे लेपाला टाचणीएवढे छिद्र पडले तर त्या जागी उघडे पोलाद अधिक वेगाने कुरतडले जाते. लेप अखंड आहे तोवरच त्याचा भरवसा. सेराकोटसारखे सिरॅमिकयुक्त लेप भट्टीत पक्के केले जातात. घाम, तेल व रसायने ते उत्तम सोसतात, मात्र भाग एकमेकांवर घासतात तेथे ते झिजतात. क्षारस्नानात केलेले नायट्रायडिंग, म्हणजे वितळलेल्या क्षारांत पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे, हा वरून चढवलेला लेप नव्हे, तो पोलादाचाच कठीण केलेला पृष्ठभाग असतो, म्हणून तो पापुद्र्यासारखा निघत नाही. नळीसाठी हा उपाय विशेष चांगला. ‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबू नये. बंदुकीच्या नळ्यांना वापरले जाणारे ४१६ प्रकारचे पोलाद भांड्यांच्या ३०४ प्रकारच्या पोलादाइतके गंजरोधक नसते.

उत्पादक लेपाची गुणवत्ता क्षारफवारा चाचणीच्या तासांत सांगतात. ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके त्यासाठी सोडले जाते. दोन लेपांची तुलना करायला ही चाचणी उपयोगी असली, तरी तिच्यातील तासांवरून वापराची वर्षे काढता येत नाहीत. खरेदीपूर्वी पाहण्याजोगी खरी गोष्ट वेगळीच आहे : लेप कुठे नाही. मॅगझिन नळीचा आतला भाग, तिची स्प्रिंग, काडतूस ओढणारी नखी, स्क्रू आणि काडतुसाचा कोठा हे भाग पुष्कळदा साध्या पोलादाचेच राहतात. बाहेरून लखलखीत दिसणारी बंदूक ऐन वेळी काडतूस सोडत नाही, ती कोठ्यातील गंजामुळे. कृत्रिम कुंदा लाकडासारखा फुगत नाही, तरी त्याखालचे स्क्रू तपासावेतच.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. संरक्षण किंवा क्रीडेसाठीच्या परवान्याच्या कलमात गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच, म्हणजे ५०८ मिमी, धरली आहे. त्यामुळे परदेशी जाहिरातींतील साडेअठरा इंची आखूड नमुने येथे विचारात घेऊ नयेत. सर्वसाधारण परवानाधारकाला आयातही १९८० च्या दशकापासून बंद असल्याने निवड मुख्यतः देशी बनावटीत करावी लागते. नाशिक शहरात परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असून उसात वावरणारा बिबट्याही संरक्षित आहे. निवडणूक काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागल्यास ती आधी पूर्ण सुकवून, आतबाहेर तेलाचा हात फिरवून द्यावी. चामड्याची किंवा जाड कापडाची खोळ ओल शोषते, म्हणून तीत दीर्घकाळ ठेवू नये.

जुन्या बंदुकीवर नवा लेप चढवून घ्यायचा असेल तर सातपूर-अंबडमधील प्लेटिंगच्या कारखान्यात ती परस्पर देता येत नाही. बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही त्याच अधिनियमाखाली परवाना लागतो. शिवाय घासकाम करताना किंवा जाड लेपाखाली बंदुकीचा क्रमांक व बनावटीची खूण पुसली गेल्यास तो गुन्हा ठरू शकतो, म्हणून काम देताना या खुणा झाकून ठेवण्याची लेखी सूचना कारागिराला द्यावी.