जीएसटी नंबराशिवाय धंदा करता येत नाही?

'धंदा छोटा असो वा मोठा, आधी जीएसटी नंबर घ्या, नाहीतर दंड', असा मेसेज बरीच वर्षे फिरतो आहे. तो सरसकट खरा नाही.

नोंदणी विक्रीच्या आकड्यावर ठरते. महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत ती सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत. ही मर्यादा राज्यागणिक बदलते: तेलंगणात मालासाठीही 20 लाख, तर मणिपूर, मिझोराम, नागालँड, त्रिपुरात 10 लाख. (नफा नव्हे, एकूण विक्री धरायची, इथेच गल्लत होते.) एकाच पॅनवर दोन धंदे असतील तर दोन्हींची बेरीज होते.

मेसेजमागे थोडं तथ्य आहे. परराज्यात माल विकला तर काही हस्तकला वस्तू वगळता पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून सांगलीहून बेळगावला मसाला विकणाऱ्याने सावध राहावं. पानमसाला, तंबाखू, आइस्क्रीम विकणाऱ्यांनाही 40 लाखांची सवलत नाही.

खात्री करायची तर 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्याची कलमं 22 आणि 24 वाचा, सोबत आपल्या राज्याची मर्यादा पाहा. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. एजंट घेतो ते त्याच्या कामाचे पैसे.