रेल्वेच्या आधारे शोधशिक्षण

रेल्वेच्या आधारे शोधशिक्षण : रेल्वेतील खऱ्या अडचणी, त्यांवर निघालेले तोडगे आणि त्या तोडग्यांतले दोष अभ्यासून मुलांना स्वतः उपाय शोधायला व तो पारखायला शिकवण्याची पद्धत. ती मुख्यतः आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी वापरतात. पदार्थविज्ञान, गणित, इतिहास आणि हातकाम हे विषय तीत एकाच कामात येतात.

रेल्वेच का, याचे उत्तर फलाटावर मिळते. मोबाइल उघडून पाहिला तरी आतले काम मुलाला दिसत नाही. रेल्वेत मात्र चाक, स्प्रिंग, कपलिंग (डबे जोडणारी रचना), ब्रेकचा होज पाइप, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी), सिग्नल असे सगळे उघड्यावर असते. शिवाय इथली बंधने पक्की असतात. भारतातल्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १,६७६ मिमी. आहे, ते कोणाच्या कल्पनेसाठी बदलणार नाही. नवा डबा जुन्याच रुळांवरून, जुन्याच बोगद्यातून जायला हवा. ‘काहीही बनवा’ असे सांगितले की मुले गोंधळतात. ‘एवढ्यातच बसवा’ म्हटले की डोके चालू लागते.

सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाला दोन कागदी पेले आणि चिकटपट्टी पुरते. पेले तोंडाला तोंड लावून चिकटवायचे, म्हणजे मध्यभाग फुगीर होतो. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून त्यांना थोडा उतार द्यायचा आणि पेल्यांची जोडी त्यांवरून सोडायची. मुद्दाम तिरकी सोडली तरी ती डुलत डुलत स्वतःला सावरते आणि खाली पोचते. मग पेले बुडाला बूड लावून चिकटवायचे. ही जोडी थोडी सरकली की सावरत नाही, पट्टीवरून खाली पडते. इथे शिक्षकाने गप्प राहावे. कारण मुलांनीच काढायचे असते. जोडी डावीकडे सरकली की डावी पट्टी पेल्याच्या जाड भागाला लागते. दोन्ही पेले एकत्रच फिरत असल्याने डावी बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि जोडी उजवीकडे वळते. आगगाडीची दोन चाकेही एका आसावर घट्ट बसवलेली आणि किंचित शंकूच्या आकाराची असतात. गाडी चाकाच्या कडेमुळे रुळावर राहते असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती कड शेवटची राखण आहे. रोजचे काम चाकाचा उतार करतो.

दुसरा हमखास धडा ब्रेकचा. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तरुणाने १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. तोवर ब्रेकवाले चालत्या गाडीच्या टपांवरून धावत एकेक डब्याचा ब्रेक हाताने आवळत. वेस्टिंगहाउसच्या रचनेत इंजिनातली दाबाची हवा नळीतून सर्व डब्यांकडे जाई आणि ब्रेक लागे. इथे थांबून मुलांना विचारावे : नळी फुटली तर? उत्तर अंगावर काटा आणणारे आहे : ब्रेकच लागणार नाही, आणि तेही नेमके गरजेच्या वेळी. १८७२ मध्ये त्याने रचना उलटी केली. नळीत दाब असेल तोवर ब्रेक सुटलेले राहतात; दाब उतरला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. म्हणजे नळी फुटली किंवा गाडी तुटून दोन भाग झाले तरी दोन्ही भाग आपोआप थांबतात. धोक्याची साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच तत्त्वावर, नळीतली हवा बाहेर पडून. या शिक्षणपद्धतीचे सार याच प्रश्नात आहे. ‘माझा उपाय चालतो का’ एवढे विचारून भागत नाही, ‘तो बंद पडला तर माणसाचे काय होईल’ हेही विचारावे लागते. शालेय विज्ञान प्रदर्शनांत हा दुसरा प्रश्न फार क्वचित विचारला जातो, ही मोठी उणीव म्हटली पाहिजे.

डबे जोडण्याची गोष्टही अशीच. अमेरिकेत जुन्या कडी-खिळ्याच्या जोडणीत दोन डब्यांमध्ये उभे राहून खिळा घालताना कामगारांची बोटे, हात, कधी प्राणही जात. ईलाय जॅनी याने १८७३ मध्ये आपोआप अडकणाऱ्या कपलिंगचे पेटंट घेतले. दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवली की ती रचना वर्गातही दाखवता येते. तरी १८९३ मध्ये कायदा होईपर्यंत ती सक्तीची झाली नाही. शोध लागणे आणि तो वापरात येणे यांत वीस वर्षे गेली, आणि त्याची किंमत कामगारांनी चुकवली.

हे शोध फक्त अभियंत्याच्या पदावर असलेल्यांनी लावलेले नाहीत. इलायजा मकॉय एडिंबरोत यंत्रविद्या शिकला, पण काळा म्हणून त्याला मिशिगनच्या रेल्वेत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचेच काम मिळाले. तेलासाठी इंजिन पुन्हापुन्हा थांबवावे लागते हे त्याने रोज पाहिले आणि १८७२ मध्ये आपोआप तेल सोडणारे साधन बनवले. न्यूयॉर्कच्या मेरी वॉल्टन यांनी उन्नत रेल्वेचा खडखडाट कमी करण्याच्या उपायाचे पेटंट १८८१ मध्ये घेतले.

महाराष्ट्रात या विषयाला बोरघाटासारखी प्रयोगशाळा लाभली आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचा चढ ३७ ला १ इतका आहे. कर्जतला गाडी थांबते, तेव्हा प्रवासी वडापाव घेतात आणि मागे बँकर इंजिने, म्हणजे चढावर मागून ढकलणारी जादा इंजिने, जोडली जातात. ती मागेच का लावतात, हा नववीच्या वर्गासाठी उत्तम प्रश्न आहे. घाटातली ‘कॅच सायडिंग’ त्याहून शिकवणारी. उतारावर ताबा सुटलेली गाडी कशी थांबवाल, असे विचारले की पहिले उत्तर बहुधा ‘आणखी जोरदार ब्रेक’ असे येते. घाटातला उपाय गाडीत नसून जमिनीवर आहे : गाडी चढाच्या आडमार्गावर वळवायची, वेग आपोआप मरतो.

अमेरिकेत डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जुनी इंजिने आणि शोधशिक्षणाचे उपक्रम एकत्र आढळतात. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी रेल्वे वाहतुकीची उन्हाळी शिबिरे घेतली आहेत. भारतात २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे सरकारी योजनेतून शाळांत उभारलेल्या प्रयोगशाळांत, सहावी ते बारावीच्या मुलांना सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर हाताळता येतात. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय (१९७७) आणि पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) सहलीला सोयीचे आहेत. दुसऱ्यात सिग्नल आणि सांधे यांचा मेळ टेबलाच्या उंचीवर पाहता येतो.

विषय मात्र मुलांच्या रोजच्या प्रवासातून यावा. लोकलची पायरी आणि फलाट यांतली पोकळी, पावसात रुळांवर साचणारे पाणी, दृष्टिहीन प्रवाशाला आपला डबा सापडणे, फाटकावरची घाई, यांपैकी एकच घ्यावा. आठवडाभर फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून निरीक्षण करून वहीत वेळ, जागा आणि घडलेली गोष्ट लिहावी. हमाल, सफाई कामगार, ट्रॅकमन यांच्याशी बोलावे. मगच पुठ्ठ्याला कात्री लावावी. निरीक्षणासाठी रुळांवर उतरू देऊ नये. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि विजेवरची लोकल किती कमी आवाज करत जवळ येते याचा अंदाज मुलांना नसतो.