फिलॉसॉफी लोकांपर्यंत न्यायचीये? फेलोशिप कुठली, पात्रता काय, कागद कुठले

पुण्यात फिलॉसॉफीत एमए-पीएचडी करणारे बरेच जण विचारतात की जर्नलमधले पेपर ठीक आहेत, पण मला साध्या मराठीत लोकांसाठी लिहायचंय, पॉडकास्ट करायचाय, तर त्याला पैसे कोण देणार? नेमकं असंच नाव असलेली योजना शोधत बसू नका, ज्या योजना आहेत त्यातच आपलं काम बसवायचं असतं.

आधी यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), फिलॉसॉफीचा विषय कोड 03, वय 30 पर्यंत, आणि ओबीसी नॉन-क्रीमीलेयर, एससी, एसटी, दिव्यांग, तृतीयपंथी आणि सगळ्या महिलांना 5 वर्षं सूट. जानेवारी 2023 पासून महिना 37,000, पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झालं की 42,000, घरभाडं वेगळं. पेपर इंग्लिश-हिंदीतच येतो. सेट ही राज्याची परीक्षा आपलं पुणे विद्यापीठच घेतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो, पण सेटवर फक्त असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. पीएचडीला रजिस्टर असाल तर राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत: एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी (दोन्ही ऑफिसं पुण्यातच), ओबीसी-व्हीजेएनटीसाठी नागपूरची महाज्योती, यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आणि जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर वगैरे आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावून भागत नाही.

फक्त आपल्या विषयाची म्हणाल तर आयसीपीआर, म्हणजे दिल्लीची भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद. ज्युनियर फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांना, जनरल ही पीएचडी झालेल्यांना, त्यापुढे सीनियर आणि नॅशनल. रक्कम आणि वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

अकॅडमिक चौकट नको असेल तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची, सीसीआरटी या त्यांच्या संस्थेमार्फत येणारी फेलोशिप बघा. 25 ते 40 ज्युनियर, महिना 10,000, चाळिशीच्या पुढे सीनियर, महिना 20,000, दोन्ही 2 वर्षं. पैसे दर महिन्याला नाही, सहामाही हप्त्याने येतात, त्यामुळे नोकरी सोडून यावर घर चालवायचा विचार करत असाल तर थांबा. यात नुसतं वर्कशॉप घेणं किंवा कादंबरी लिहिणं चालत नाही, संशोधनाचा विषय लागतो, आणि आपल्यासाठी संस्कृतीशी जोडलेल्या नव्या विषयांचा गट आहे, त्यात कीर्तन-प्रवचनातून वेदान्त लोकांपर्यंत कसा गेला असा विषय छान बसेल.

माझी आवडती मात्र न्यू इंडिया फाउंडेशनची ट्रान्सलेशन फेलोशिप. दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत, त्यात मराठी आहे, पुस्तक नॉन-फिक्शन आणि 1850 नंतरचं, सहा महिन्यांना 6 लाख. इथे अडतं ते कॉपीराइटवर. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे. आगरकर 1895 ला गेले, त्यांचे निबंध मोकळे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 1994 ला गेले, म्हणजे 2054 संपेपर्यंत परवानगी हवी, आणि वारस शोधणं, मग प्रकाशक, मग लेखी पत्र यात महिने जातात म्हणून हे काम अर्जाच्या खूप आधी.

अमेरिकेच्या एनईएच (नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज) या सरकारी संस्थेच्या पब्लिक स्कॉलर्स, म्हणजे सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिणाऱ्यांच्या अनुदानाची लिंक बरेच जण पाठवतात. त्याला अमेरिकन नागरिकत्व किंवा डेडलाइनच्या आधीची 3 वर्षं तिथला रहिवास लागतो. कोथरूडमध्ये बसून उपयोग नाही, सोडा.

कागद थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच: मार्कशीट आणि डिग्री, पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र, गाइडची संमती, विभागप्रमुखांचं फॉरवर्डिंग लेटर, शिफारसपत्रं, आधार, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, नोकरीत असाल तर एनओसी. विद्यापीठात सहीला वेळ लागतो हे पुणेकरांना सांगायला नको.

खरी मारामारी प्रपोजलवर होते. "तत्त्वज्ञान तळागाळापर्यंत पोचवणार" हे वाक्य काढून टाका, प्रत्येकाच्या अर्जात असतं. वाचक कोण ते लिहा, बारावीची मुलं, की संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला येऊन बसणारे रिटायर्ड लोक (ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 ला सुरू केली, म्हणजे पुण्यात हा वाचक-श्रोता आधीपासून आहे हे दाखवता येतं). मराठीत आधी काय झालंय तेही सांगा, वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा तत्त्वज्ञान महाकोश आहे, पुणे विद्यापीठाच्या फिलॉसॉफी विभागाचं परामर्श हे नियतकालिक आहे, आणि मग तुमचं काम यापेक्षा वेगळं कुठे ते दोन परिच्छेदांत. कुठल्या महिन्यात काय हातात येणार त्याचा तक्ता जोडा. नमुना म्हणून थीसिसचं चॅप्टर लावू नका, लोकांसाठी लिहिलेला एखादा लेख लावा, आणि तो नसेल तर अर्जाच्या आधी लिहून कुठेतरी छापून आणा.

अजून एमएलाच असाल तर छोटी सुरुवात आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जागतिक तत्त्वज्ञान दिन असतो, त्या कार्यक्रमासाठी आयसीपीआर कॉलेजांना अनुदान देतं. अर्ज विभागाच्या नावाने जातो, तेव्हा एचओडींना सुट्टीवरून आल्या आल्या गाठा.