सभाधीटपणाचे दहा गुण

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या शाळांमधून स्नेहसंमेलनांच्या आगेमागे वक्तृत्व स्पर्धा होतात. गेली काही वर्षं अशा एका आंतरशालेय स्पर्धेत वेळाधिकाऱ्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे घंटा माझ्या हातात. पाचव्या मिनिटाला एक टोल, सातव्याला दोन. परीक्षकांच्या कागदावर विषयमांडणी आणि उच्चार यांच्या शेजारी 'सभाधीटपणा' असा 10 गुणांचा रकाना असतो.

गंमत अशी की मराठीत धीटपणाला नाव आहे, पण उलट बाजूला रोजच्या वापरातला एक शब्द नाही. बोबडी वळते, घशाला कोरड पडते, पाय लटपटतात, त-त-प-प होतं. ही सगळी शरीराची वर्णनं झाली. कन्नडमध्ये मात्र 'सभाकंपन' असा नेमका शब्द आहे, तेलुगूतही त्याचा भाऊ सापडतो. म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या, सोलापूरच्या तेलुगूभाषक वस्तीतल्या, एखाद्या मुलाला त्या थरथरीचं नाव घरी ऐकायला मिळू शकतं. शाळेत आला की तो नुसता 'घाबरट'.

शास्त्रानेही सुरुवात शरीरापासूनच केली. धोका दिसला की लढायचं नाहीतर पळायचं आणि त्यासाठी अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ही मांडणी 1915 सालची. कोरड आणि धडधड त्यात बसतात. पण पाठ केलेलं वाक्य नाहीसं कसं होतं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

त्या जागी एक नियम येऊन बसला, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. 'थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय भाषण रंगत नाही.' प्रत्येक मार्गदर्शन शिबिरात फळ्यावर उलट्या वाटीसारखी कमान काढतात: ताण कमी तर कामगिरी कमी, मध्यम तर उत्तम, जास्त झाला की घसरण. या कमानीचं मूळ 1908 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात सांगितलं जातं. तो प्रयोग उंदरांवरचा. पांढऱ्या आणि काळ्या पेटीतून पांढरी निवडायची, चुकलं की विजेचा झटका. पेट्यांमधला फरक ढळढळीत होता तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. तिथे कमान नाहीच. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोराचा झटका मारक ठरला, बेताचा बरा. पुढे 1950च्या दशकात झटक्याच्या जागी 'उत्तेजना' हा शब्द आला, मग 'ताण' आला, कामाच्या अवघडपणाची अट गळून पडली आणि उंदरांच्या जागी माणूस उभा राहिला.

इथे ही कमान पटकन पटते, त्याला आपला 'ताण' हा शब्दही थोडा कारणीभूत असावा. यंत्रमागाच्या गावात ताण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सैल राहिला तर कापड ढिलं पडतं, जास्त ओढला तर सूत तुटतं, मधलं माप बरं. पण मागावरचा ताण बाहेरून लावलेला आणि मोजता येणारा असतो. मानसशास्त्रातला 'ताण' कधी समोरची परिस्थिती असते, कधी आतली प्रतिक्रिया, कधी दोन्ही. सातवीच्या मुलाला 'थोडा ताण घे' म्हणणाऱ्यांना यातलं नेमकं काय आणि किती घ्यायला सांगायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

खरी उलगड अलीकडची. 1993 मध्ये जर्मनीतल्या ट्रियर शहरातून एक चाचणी पुढे आली: थोडा वेळ तयारी, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर 5 मिनिटं भाषण, त्यानंतर 1022 मधून 13-13 वजा करत उलटं जायचं, चुकलं की पुन्हा 1022 पासून. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, दुपटी ते चौपटीने चढलं. प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण द्यायचा तर भाषण करायला लावा, हा तेव्हापासून जगभरचा रिवाज झाला. 2004 मध्ये अशा 208 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढवणाऱ्या गोष्टी दोन निघाल्या: कुणीतरी आपलं मोल ठरवतंय ही जाणीव, आणि परिस्थिती आपल्या हातात नसणं. म्हणजे परीक्षकांचं टेबल आणि माझी घंटा.

आठवणीचं कोडंही याच सुमारास सुटत गेलं. 2000 सालच्या एका प्रयोगात आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कॉर्टिसोनची (शरीरात गेल्यावर त्याचं कॉर्टिसॉल होतं) गोळी दिल्यावर कमी आठवले. 2006 मध्ये दुसऱ्या एका गटाला दिसलं की चाचणीचं वातावरण सैल, निवांत ठेवलं तर कॉर्टिसॉल वाढलेलं असूनही आठवण अडत नाही.

हे वाचण्याआधी मी ते पाहिलं होतं. सहावीतली एक मुलगी चौथ्या वाक्याशी अडली. तेच वाक्य तिने तीनदा सुरू केलं. ओठ हलत होते, उजव्या हाताने फ्रॉकची शिवण चिमटीत धरून ठेवली होती. दीड मिनिट झालं असेल. 'धन्यवाद' म्हणून ती उतरली. चहाच्या सुट्टीत मी बाहेर आलो तर नळाजवळ मैत्रिणीला ती सगळं भाषण घडाघडा म्हणून दाखवत होती, हातवाऱ्यांसकट. सभाधीटपणाच्या रकान्यात तिला 2 पडले होते.

2013 पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात सामाजिक भीतीखाली 'फक्त लोकांसमोर बोलताना किंवा सादरीकरण करताना' अशी वेगळी नोंद आहे. एरवी गप्पिष्ट, बाजारात घासाघीस करणारा माणूस माईकसमोर गोठतो, तो या खणात. आपल्या रकान्याला हा भेद ठाऊक नाही.

यंदाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. घंटेऐवजी समोरून पिवळं कार्ड दाखवायचं, ते मान्य झालं. सभाधीटपणाचे 10 गुण मांडणीकडे वळवायचे, त्यावर अर्धा तास वाद झाला. 'मग धीट मुलांवर अन्याय नाही का?' असं एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं. रकाना राहिला. गुण 5 झाले.