कूलंट तापमान मीटर व इशारा दिव्याची जोडणी

मोटारीच्या इंजिनातील कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान अंशांत दाखवणारा मीटर आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच पेटणारा दिवा गाडीत नंतर, वेगळे घेऊन बसवण्याचे काम. गाडीसोबत आलेला मीटर असतानाही हे केले जाते, कारण अनेक गाड्यांत तो काटा साधारण 75° ते 105° से.च्या दरम्यान मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. चढउतार दिसून चालक घाबरू नये हा त्यामागचा हेतू. पण काटा एकदाचा हलतो तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधले सील) वाचवायला फारसा वेळ उरलेला नसतो.

कूलंटचे तापमान मीटरला कळवणारा सेंडर म्हणजे पितळी खोळीत बसवलेला थर्मिस्टर. तापमान वाढेल तसा त्याचा विद्युत रोध घटतो. थंड इंजिनात काही शे ओहम असलेला रोध कूलंट तापल्यावर काही दहा ओहमांवर येतो. मीटरच्या एका टोकाला इग्निशन चालू केल्यावरच मिळणारा 12 व्होल्टचा पुरवठा फ्यूजमधून द्यायचा, दुसरे टोक बॉडीच्या धातूला जोडून अर्थ करायचे, तिसऱ्यापासून एक वायर सेंडरपर्यंत न्यायची. मीटरच्या आतल्या उजेडाची वायर पार्किंग दिव्यांच्या सर्किटला जोडतात. सेंडर आणि मीटर एकमेकांशी जुळणारेच हवेत. केवळ आटे बसतात म्हणून दुसराच सेंडर लावला, तर काटा हलेल पण आकडा खोटा असेल.

एकच टोक असलेल्या सेंडरचे अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनच्या धातूला होते, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. गळती नको म्हणून आट्यांवर टेफलॉन टेपचे जाड वेढे दिले की धातूला धातू नीट भिडत नाही. निमुळते आटे आवळल्यावर आपोआप घट्ट बसतात. सीलंट लावायचाच तर तो पातळ, पहिले एकदोन आटे मोकळे सोडून लावावा. सेंडर बसवण्यासाठी रेडिएटरच्या होज पाइपमध्ये घालायच्या ॲल्युमिनियम अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर असते. त्यामुळे त्याला अर्थ मिळतच नाही, इंजिनपर्यंत वेगळी वायर न्यावी लागते.

अर्थमध्ये गंज चढला की सर्किटच्या रोधात भर पडते आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. सेंडरची वायर तुटली तर काटा सरळ थंड टोकाला जातो. म्हणजे या सर्किटमधले नेहमीचे बिघाड चालकाला सावध करत नाहीत, निश्चिंत करतात. मीटरसोबत दिवाही का हवा, याचे उत्तर यात आहे. दिव्यासाठी स्वतंत्र तापमान स्विच वापरतात: दिव्याच्या एका टोकाला इग्निशनचा पुरवठा, दुसऱ्या टोकाची वायर स्विचला, ठरलेल्या तापमानाला स्विच अर्थ जोडतो आणि दिवा पेटतो. मीटर आणि दिवा दोन्ही चालवणारा दोन टोकांचा संयुक्त सेंडरही मिळतो, पण त्याचे अर्थ एकच असल्याने दोन्ही एकदम निकामी होऊ शकतात. स्विचचा आकडा रेडिएटरचा पंखा सुरू होण्याच्या तापमानाच्या बराच वर हवा, नाहीतर दिवा गर्दीत रोज पेटेल आणि त्याच्याकडे कुणी पाहणार नाही. उकळबिंदूच्या तो पुरेसा खालीही हवा. निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट सुमारे 1 बार दाबाच्या झाकणाखाली 125° से.च्या पुढे उकळते. 105° ते 110° से.चा स्विच अनेक गाड्यांना चालतो.

दिव्याचा बल्ब गेला तर तेही कळत नाही. म्हणून जोडणी झाल्यावर, आणि पुढेही अधूनमधून, चाचणी घ्यावी. इग्निशन चालू ठेवून स्विचची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवली की दिवा पेटला पाहिजे. साध्या काट्याच्या मीटरमध्ये सेंडरची वायर क्षणभर तशीच टेकवली की काटा गरम टोकाकडे झेपावतो आणि सोडताच परत येतो. वायर ठीक, मग दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थचा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल, तर मीटरचे अर्थ दिव्यांच्या अर्थपासून वेगळे करावे.

सेंडर थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आधी, हेडमधून कूलंट बाहेर पडते तिथे असावा. थर्मोस्टॅटपुढच्या होजमध्ये बसवल्यास थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा खालीच राहतो आणि मग एकदम उडी घेतो. कूलंट इतके घटले की सेंडर उघडा पडला, तर हवेत राहून तो इंजिन जळत असतानाही कमी आकडा दाखवतो. हा धोका असलेल्या गाडीत पातळी दाखवणारा स्विच वेगळा लावावा.

सेंडर बसवण्याचे काम पूर्ण थंड इंजिनावर, बॅटरीचे ऋण टोक काढूनच करावे. डॅशबोर्डकडे जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारे कडे) लागतो, आणि एक्झॉस्टपासून ती दूर बांधावी लागते.

संगणकनियंत्रित इंजिनाच्या मूळ तापमान सेन्सरच्या वायरला मात्र हा मीटर कधीही जोडू नये. त्या सर्किटमध्ये साधारण 5 व्होल्टचा संदर्भ विद्युतदाब असतो. मीटरमुळे तो बदलला की संगणक चुकीचे तापमान वाचतो आणि इंधनाचे प्रमाण व पंख्याची वेळ दोन्ही बिघडतात. अशा गाडीत भोक पाडायचे नसेल, तर गाडीतले दोष तपासण्याच्या (डायग्नोस्टिक) सॉकेटमधून तेच तापमान वाचणारा डिजिटल मीटर मिळतो.