एकाच यंत्रावर डेटाबेसच्या दोन आवृत्त्या : पार्श्वभूमी

बहुतेक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुनीवरच बसवली की काम भागतं. डेटाबेसचं तसं होत नाही. जुन्या आवृत्तीने डिस्कवर वर्षानुवर्षं माहिती लिहून ठेवलेली असते, आणि त्या फाइलींची रचना पुढच्या आवृत्तीला तशीच वाचता येईल याची खात्री नसते. त्यात एखादं जुनं अॅप्लिकेशन ठरावीक आवृत्तीवरच चालतं, आणि त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या कामाला नवी आवृत्ती हवी असते. दोन्ही शेजारी शेजारी चालवण्याची गरज म्हणून जुनीच आहे. सोय मात्र सावकाश आली. डेटाबेस सर्व्हर लिहिणाऱ्यांनी सुरुवातीला सगळं यंत्र आपलंच धरलं होतं : पोर्ट (यंत्रावरचं सर्व्हरशी बोलण्याचं क्रमांकाचं दार) ठरलेला, डिरेक्टरी ठरलेली, कॉन्फिगरेशन फाइलही ठरलेली. हा एकेक हक्क त्यांना सोडावा लागला, तीच या विषयाची हकीकत.

ओरॅकल या डेटाबेसने तो फार आधी सोडला. महागड्या युनिक्स यंत्रावर अनेक विभागांचं काम एकत्र चालायचं, तेव्हा इलाजही नव्हता. 'ओरॅकल_होम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सॉफ्टवेअरची डिरेक्टरी आणि 'ओरॅकल_एसआयडी'मध्ये इन्स्टन्सचं (चालू असलेल्या एका सर्व्हरचं) नाव, एवढ्यावर कोणती आवृत्ती कोणत्या डेटाबेसशी बोलणार हे ठरतं. 'ओराटॅब' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये या जोड्या ओळीने लिहिलेल्या असतात. १९९०च्या दशकात, ओरॅकलमध्ये असताना, कॅरी मिलसॅप यांनी डिरेक्टऱ्यांची एक शिस्त घालून दिली. तिच्यात आवृत्तीचा क्रमांक पाथमध्येच (फाइलच्या पत्त्यातच) येतो, त्यामुळे नवी आवृत्ती जुनीच्या फाइलींवर जाऊन पडत नाही. व्यवस्था भक्कम होती, पण तिचीही एक खोड होती. सामायिक मेमरी शोधण्यासाठी ओरॅकल ही दोन्ही नावं अक्षरशः वापरतो. 'ओरॅकल_होम'च्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, तर डेटाबेस व्यवस्थित चालू असतानाही 'इन्स्टन्स बंद आहे' असं उत्तर मिळतं. या एका रेघेने किती डीबीएंची (डेटाबेस सांभाळणाऱ्यांची) रात्र खाल्ली असेल कोण जाणे.

विंडोजवर गोष्ट उशिरा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टच्या १९९८च्या एसक्यूएल सर्व्हर ७.० मध्ये जुना ६.५ शेजारी ठेवता यायचा, पण दोन्ही एका वेळी चालू नसत. एक लहानसा प्रोग्रॅम चालवून या आवृत्तीवरून त्या आवृत्तीवर जावं लागे. खरा बदल एसक्यूएल सर्व्हर २००० ने केला. त्याने नाव दिलेले इन्स्टन्स आणले, एका यंत्रावर सोळापर्यंत. ७.० मूळ इन्स्टन्स म्हणून तसाच ठेवून २००० दुसऱ्या नावाने बसवता येऊ लागला. टूल मात्र सामायिकच राहिले : २००० बसवला की ७.० चे टूलही बदलून जात. सर्व्हर वेगळे झाले तरी क्लायंट (सर्व्हरशी जोडला जाणारा प्रोग्रॅम) मागे एकत्रच अडकून राहतो, हे पुढे इतर डेटाबेसांतही दिसतं.

नावांमुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. मूळ इन्स्टन्स १४३३ या पोर्टवर असतो हे सगळ्यांना माहीत; बाकीचे कुठे? त्यांना पोर्ट आपोआप मिळत होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने १४३४ या यूडीपी पोर्टवर एक चौकशी सेवा ठेवली. क्लायंटने इन्स्टन्सचं नाव विचारायचं, सेवेने पोर्ट सांगायचा. या सेवेत बफर ओव्हरफ्लोची (ठरलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती घुसवता येण्याची) चूक निघाली. दुरुस्ती जुलै २००२ मध्ये आली, पण अनेकांनी ती बसवलीच नाही, आणि २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) त्याच वाटेने आत शिरला. जेमतेम ३७६ बाइटचा तो कोड, एका पॅकेटात मावणारा. यूडीपी असल्याने आधी जोडणी करण्याचीही गरज नाही. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी लागण झालेल्या यंत्रांची संख्या दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे ९० टक्के यंत्रं त्याच्या ताब्यात गेली होती. त्यांतल्या कित्येकांवर 'एमएसडीई' ही एसक्यूएल सर्व्हरची फुकट आवृत्ती दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर येऊन बसलेली होती. आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच मालकाला ठाऊक नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. अनेक इन्स्टन्स सुखाने नांदावेत म्हणून केलेली सोय, एकच इन्स्टन्स असलेल्यांनाही भोवली. २००५ च्या आवृत्तीत हे काम मूळ सर्व्हरमधून काढून 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' या वेगळ्या सेवेकडे दिलं गेलं.

मायएसक्यूएलच्या जगात अडचणी छोट्या, पण चिवट. नेहमीचा पोर्ट ३३०६, सॉकेट फाइल (त्याच यंत्रावरून जोडण्याची वाट), डेटा डिरेक्टरी आणि पीआयडी फाइल (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाची नोंद) एवढं वेगळं केलं की दुसरा सर्व्हर चालू व्हायला हवा. होत नाही, कारण दोन्ही सर्व्हर एकच सामायिक कॉन्फिगरेशन फाइल वाचतात. तिच्यात क्वेरी कॅशची (जुनी उत्तरं साठवण्याच्या सोयीची) एखादी जुनी ओळ राहिली असेल तर ८.० तिथेच थांबतो. त्या आवृत्तीत क्वेरी कॅशच काढून टाकलेला आहे. दुसरा सापळा जास्त फसवा. युनिक्सवर होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्टकडे पाहतच नाही, सरळ नेहमीच्या सॉकेट फाइलने जातो. माणूस दुसऱ्या सर्व्हरचा पोर्ट ३३०७ लिहून नव्या सर्व्हरवर गेलो असं समजतो आणि टेबल उडवतो जुन्यावरचं. होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहिण्याची सवय अनेकांना यातूनच लागली. बरोबर येणारी 'मायएसक्यूएलडी_मल्टी' ही पर्ल स्क्रिप्ट कामचलाऊ होती. खरी सुटका ज्युसेप्पे माक्सिया यांच्या 'मायएसक्यूएल सँडबॉक्स'ने केली, आणि पुढे २०१८ मध्ये त्यांच्याच 'डीबीडिप्लॉयर'ने. पोर्ट थेट आवृत्तीच्या क्रमांकावरून काढायचा, म्हणजे ५.०.९१ साठी ५०९१, ही त्यांची युक्ती साधी होती आणि टिकली.

पोस्टग्रेस या डेटाबेसला मात्र हा प्रश्न टाळता येणारच नाही अशी स्थिती होती. मुख्य आवृत्ती बदलली की डिस्कवरची रचना बदलते. डेटा डिरेक्टरीत आवृत्तीची नोंद असते, आणि ती जुळली नाही तर सर्व्हर सुरू व्हायला साफ नकार देतो. जुन्यातून सगळं डंप करून (फाइलीत उतरवून) नव्यात भरायचं, हा बराच काळ मुख्य मार्ग होता. डंप घेण्याचा टूलही नव्या आवृत्तीचाच वापरणं श्रेयस्कर. जुना टूल नव्या सर्व्हरचा डंप घेतच नाही. म्हणजे अपग्रेडपुरत्या तरी दोन्ही आवृत्त्या यंत्रावर हव्यातच.

ही गरज सर्वांत नेटकी ओळखली ती डेबियन या लिनक्सने. २००५ च्या सुमारास मार्टिन पिट यांनी पॅकेजची मांडणी मुळापासून बदलली. प्रोग्रॅम, डेटा आणि कॉन्फिगरेशन या तिन्हींच्या पाथमध्ये आवृत्तीचा क्रमांक आला. दुसरा सर्व्हर तयार केला की त्याला नेहमीच्या ५४३२ ऐवजी पुढचा मोकळा पोर्ट आपोआप मिळू लागला. आणि 'पीएसक्यूएल' ही नेहमीची आज्ञाच एका मधल्या स्क्रिप्टकडे वळवली गेली, जी योग्य आवृत्तीचा क्लायंट निवडते. २००७ च्या डेबियन ४.० मध्ये पोस्टग्रेस ७.४ आणि ८.१ एकत्र मिळत होते. क्लायंटकडेही इतकं लक्ष तोवर फार कमी जणांनी दिलं होतं. ब्रूस मोमजियन यांचा 'पीजी_मायग्रेटर' २०१० मध्ये ९.० बरोबर 'पीजी_अपग्रेड' म्हणून आला, तोही जुने आणि नवे दोन्ही प्रोग्रॅम मागतो. मधल्या काळात एखादा क्लायंट चुकून जोडला जाऊ नये म्हणून तो सर्व्हर ५०४३२ या आडवळणाच्या पोर्टवर चालवतो. मेमरीची अडचण सर्वांत शेवटी सुटली : सिस्टीम व्ही सामायिक मेमरीच्या मर्यादा कर्नलमध्ये वाढवल्याशिवाय दुसरा सर्व्हर अनेकदा उठतच नसे. २०१३ च्या ९.३ ने ती पद्धत जवळजवळ सोडली.

त्याच वर्षी डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) आला आणि पोर्ट, पाथ, कॉन्फिगरेशन हे सगळे वाद एका झटक्यात बाजूला पडले. प्रत्येक कंटेनरमध्ये पोस्टग्रेस ५४३२ वरच आहे असं समजतो. बाहेरून त्याला कोणताही पोर्ट लावता येतो. डेटा मात्र कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूमवर असतो, त्यामुळे इमेजचा (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याचा) आवृत्ती सांगणारा टॅग १६ वरून १७ केला की आवृत्ती न जुळल्याचा तोच जुना नकार येतो. त्याहून त्रासदायक म्हणजे टॅगमधला डेटाबेसचा क्रमांक तोच राहतो आणि खालची लिनक्स बदलते. २०१८ च्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ने अक्षरक्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने वाचला गेला, की टेबलात असलेली ओळ सापडत नाही किंवा एकमेव असायला हवी ती दोनदा शिरते, आणि एररही येत नाही. २०२२ चा पोस्टग्रेस १५ डेटाबेस तयार होतानाची कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि फरक दिसला तर इशारा देतो. २०२४ च्या १७ मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून नसलेलं, पोस्टग्रेसचं स्वतःचं कोलेशन निवडता येतं.